हाक मारली तरी बाळ वळत नाही, तेव्हा



आदिवासी पाड्यांवरील बालकांचा विषय निघाला की आपल्यासमोर प्रथम वजनकाटा येतो. किती बाळे कमी वजनाची आहेत, किती जणांना लस मिळाली, किती माता दवाखान्यात बाळंत झाल्या, हे आपण विचारतो आणि ते विचारलेच पाहिजे. पण काही बाळांचे वजन ठीक असते, अंगात ताप नसतो, सगळ्या लसी झालेल्या असतात. फक्त ती आईच्या डोळ्यांत पाहून हसत नाहीत. नावाने हाक मारली तर वळत नाहीत. झोळीत बराच वेळ शांत पडून राहतात आणि शेजारणी कौतुकाने म्हणतात, "किती गुणी लेकरू आहे!" अशा बाळाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. पुढे पाच-सहा वर्षांचे झाल्यावर ते शाळेत बसत नाही, बोलत नाही, तेव्हा सगळ्यांचे लक्ष जाते. तोपर्यंत मदतीची सर्वांत मोलाची वर्षे निघून गेलेली असतात.

ऑटिझम म्हणजे काय, त्याच्या खुणा बाळपणीच कशा ओळखाव्यात, आणि जवळपास तज्ज्ञ डॉक्टर नसलेल्या पाड्यावरही काय करता येते, हे या लेखात समजून घेऊ.

ऑटिझम म्हणजे काय?

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मेंदूची वाढ वेगळ्या रीतीने झाल्यामुळे ही अवस्था येते आणि तिची सुरुवात बहुधा जन्मापूर्वीच झालेली असते. अशा मुलांना नजरेने, खुणांनी आणि शब्दांनी दुसऱ्यांशी देवघेव करणे अवघड जाते. काही मुले हात फडफडवतात, स्वतःभोवती गोल फिरतात, एकच वस्तू तासभर फिरवत बसतात. रोजचा क्रम बदलला की फार अस्वस्थ होतात. कोणाला ढोलाचा आवाज सहन होत नाही, तर कोणाला लागले-खरचटले तरी रडू येत नाही. प्रत्येक मुलात हे प्रमाण वेगळे असते. कोणी पुढे शिकून स्वतःच्या पायावर उभे राहते, कोणाला आयुष्यभर आधार लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एकाला ऑटिझम होता. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तो अधिक आढळतो.

या अवस्थेचे वर्णन अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचा अभ्यास करून प्रसिद्ध केले. त्यानंतर बरीच वर्षे एक मोठा अन्याय होत राहिला. आईने बाळाला पुरेशी माया दिली नाही म्हणून ते असे झाले, असे मोठमोठे विद्वान सांगू लागले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहून या मताचे खंडन केले. ते स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. आज शास्त्रज्ञांना खात्री आहे की आईच्या वागण्यामुळे ऑटिझम होत नाही. त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. एका मुलाला ऑटिझम असेल तर त्याच्या पाठच्या भावंडाला तो असण्याची शक्यता सुमारे पाचात एक इतकी असते. फार लवकर जन्मलेल्या आणि फार कमी वजनाच्या बाळांमध्येही धोका अधिक असतो.

लसीमुळेही ऑटिझम होत नाही. १९९८ साली इंग्लंडमध्ये तसा दावा करणारा एक लेख छापून आला होता. तो अप्रामाणिक ठरला आणि २०१० साली त्याच नियतकालिकाने तो मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यातही लसीचा आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही. पाड्यावर अशी अफवा कानावर आली तर आपण ठामपणे हे सांगावे, कारण गोवरासारखा आजार कुपोषित बाळाचा जीव घेऊ शकतो.

दोष कोणाचा, हा प्रश्नच सोडून देऊ

बाळ वेगळे वाटले की गावात पहिला बोट आईकडे जाते. तिने ग्रहण पाळले नाही, तिला कोणाची नजर लागली, घराण्याचा देव कोपला. मग भगताकडे जाणे, कोंबडे देणे, अंगारा लावणे सुरू होते. आपण विश्वासी लोकही यापासून फार दूर आहोत असे नाही. आईवडिलांच्या पापाची चर्चा आपल्याकडेही होते. बाळाला भूतबाधा आहे असे समजून एका सभेतून दुसऱ्या सभेत नेले जाते. गोंगाट सहन न होणारे ते लेकरू मोठ्या आवाजाने किंचाळते आणि त्यामुळे लोकांचा संशय आणखी पक्का होतो.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न विचारला होता, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसासाठी काम करायला सुरुवात केली. दोष शोधण्यात घालवलेला प्रत्येक महिना बाळाच्या वाट्यातून वजा होतो.

घाई कशासाठी?

दोन वर्षांच्या बाळाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. या काळात मेंदूतील पेशींची जोडणी फार वेगाने होते आणि ती रोजच्या देवघेवीतून पक्की होत जाते. बाळ 'आ' म्हणते, आई 'आ' म्हणते. बाळ हसते, आजी हसते. बाळ चांदोबाकडे बोट दाखवते, बाबा वर पाहतात. भाषेचा पाया यातूनच घातला जातो. ऑटिझमकडे झुकणारे बाळ ही देवघेव कमी करते. मोठ्यांना प्रतिसाद मिळत नाही, म्हणून हळूहळू तेही बोलणे कमी करतात. बाळाला ज्याची जास्त गरज असते तेच त्याला कमी मिळू लागते.

हा बदल किती लवकर सुरू होतो, हे अमेरिकेतील वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३ साली दाखवले. बाळाची नजर कुठे जाते हे टिपणाऱ्या यंत्राने त्यांनी अनेक बाळांचा जन्मापासून अभ्यास केला. ज्यांना पुढे ऑटिझमचे निदान झाले, त्या बाळांचे समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणे दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान कमी होत गेले होते. सुरुवातीला ती इतर बाळांसारखीच पाहत होती. आईला वाटते, "आधी पाहायचे, आता पाहत नाही." तिचे हे निरीक्षण हसण्यावारी नेऊ नये.

काय पाहावे?

पुढील खुणा अंगणवाडी सेविका, आशा ताई, आपले प्रचारक, संडे स्कूलच्या शिक्षिका आणि घरातील आजी, सर्वांना पाठ असाव्यात.

- ६ महिने : ओळखीच्या माणसाकडे पाहून बाळ मोकळेपणी हसत नाही.
- ९ महिने : आपण आवाज काढला, हसलो, तोंड वेडेवाकडे केले तर बाळ उत्तर देत नाही.
- १२ महिने : नावाने हाक मारली तर वळत नाही, 'बा-बा', 'दा-दा' असे बोबडे आवाज नाहीत, टाटा करणे, हात पुढे करणे अशा खुणा नाहीत.
- १६ महिने : एकही शब्द नाही.
- १८ महिने : हवे ते किंवा आवडले ते बोटाने दाखवत नाही, आपण बोट दाखवले तर तिकडे पाहत नाही.
- २४ महिने : दोन शब्द जोडून बोलत नाही, उदाहरणार्थ 'आई ये', 'पाणी दे'. ऐकलेलेच पुन्हा म्हणत असेल तर ते यात धरू नये.
- कोणत्याही वयात : येत असलेले शब्द, हसणे, खुणा बंद झाल्या. ही खूण दिसली तर एक दिवसही वाट पाहू नये.

यातील बोटाने दाखवण्याच्या खुणेकडे विशेष लक्ष द्यावे. बाळ दोन कारणांनी बोट दाखवते. एक, वस्तू हवी असते म्हणून. दुसरे, "बघ ना, बैल!" असे आपल्याला दाखवायचे असते म्हणून. दुसऱ्या प्रकारचे बोट दीड वर्षापर्यंत दिसले नाही तर तपासणी करून घ्यावी. काही मुले बोट दाखवण्याऐवजी मोठ्यांचा हात मनगटाला धरून वस्तूकडे नेतात, तेही लक्षात ठेवावे.

डॉक्टरांकडे १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तिला 'एम-चॅट' म्हणतात. पालकांनी 'हो' किंवा 'नाही' एवढेच सांगायचे असते. पण प्रश्न घरच्या भाषेत विचारले तरच खरे उत्तर मिळते. डहाणू-जव्हारकडे वारली, धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची, मेळघाटात कोरकू, अशी प्रत्येक ठिकाणी आईची भाषा वेगळी आहे. पुस्तकी मराठीत विचारले की ती लाजून सगळ्यालाच मान डोलावते. म्हणून तिच्या भाषेत बोलणारी गावातली बाई सोबत असणे फार मोलाचे आहे.

खूण दिसली म्हणजे ऑटिझमच, असे नाही

एखादी खूण दिसली म्हणून बाळावर शिक्का मारू नये. हाकेला न वळणाऱ्या बाळाला ऐकूच येत नसेल, म्हणून कानांची तपासणी सर्वांत आधी करावी. वारंवार कान फुटणाऱ्या मुलांमध्ये तर ती हवीच. तीव्र कुपोषित बाळ थकलेले, उदास असते, हसत नाही, खेळत नाही. त्याला आधी आहार आणि उपचार हवेत. मात्र इथे उलट चूकही होते. "कुपोषणामुळे असेल" असे म्हणून विषय संपवला जातो. वजन भरल्यावरही बाळ नजर देत नसेल तर पुन्हा तपासावे.

"त्याचा बापही उशिराच बोलला" हे वाक्य आपल्या सगळ्या घरांत ऐकू येते. काही मुले उशिरा बोलतात हे खरे आहे. पण ती मुले बोलत नसली तरी डोळ्यांनी आणि हातांनी पुष्कळ काही सांगतात. शब्द नाहीत आणि खुणाही नाहीत, अशा बाळाची वाट पाहत बसू नये. तपासणीत काही निघाले नाही तर आनंदच आहे. निघाले तर वर्ष-दोन वर्षे वाचली.

मदत घरातूनच सुरू होते

ऑटिझमवर गोळी नाही आणि तो 'बरा करतो' असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहावे. बाळाला बोलते, हसते, शिकते करण्यासाठी जी मदत आहे ती बहुतांशी देवघेवीची आहे. ती द्यायला शहरातील महागडे केंद्रच हवे का, याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे.

गोव्यातील संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकारी यांनी मिळून एक अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. ऑटिझम असलेली दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांसोबत सुमारे सहा महिन्यांत बारा बैठका घेतल्या. आई आणि मूल खेळत असताना काही मिनिटांचे चित्रीकरण करायचे आणि मग आईसोबत बसून ते पाहायचे, अशी पद्धत होती. "इथे तुम्ही थांबलात, म्हणून त्याने तुमच्याकडे पाहिले," अशा चांगल्या जागा कार्यकर्ती दाखवते. नेहमीचीच मदत मिळालेल्या कुटुंबांच्या तुलनेत या पालकांचे मुलाशी सूर जुळणे पुष्कळ वाढले आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करू लागली. अभ्यास लहान होता आणि मुलांचा ऑटिझम नाहीसा झाला नाही. पण ज्याला पदवी नाही त्यालाही हे काम शिकवता येते, एवढे सिद्ध झाले.

ही पद्धत तान्ह्या बाळांसाठी चालेल का? ऑस्ट्रेलियात अँड्र्यू व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या खुणा दिसणाऱ्या, ९ ते १४ महिन्यांच्या १०३ बाळांसोबत अशाच प्रकारची चित्रीकरणावर आधारलेली मदत करून पाहिली. पाच महिन्यांत दहा बैठका झाल्या. २०२१ साली निष्कर्ष आला. मदत मिळालेल्या बाळांपैकी सुमारे ७ टक्के मुलांना तिसऱ्या वर्षी ऑटिझमचे निदान झाले. इतर बाळांत हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. मदत मिळालेल्या अनेक मुलांच्या काही अडचणी राहिल्याच, पण त्या कमी झाल्या होत्या. निदानाची वाट न पाहता, खूण दिसताच काम सुरू केल्याचा हा लाभ.

आईने, बाबांनी, आजीने रोज काय करावे? कोणतीही वस्तू विकत न आणता पुढील गोष्टी जमतात.

- बाळाच्या समोर, त्याच्या उंचीला, चेहरा दिसेल असे बसावे.
- बाळ ज्याकडे पाहते तिकडे आपण पाहावे. ते काडीने माती उकरत असेल तर आपणही काडी घेऊन शेजारी उकरावे.
- बाळाने काढलेल्या आवाजाची, हालचालीची नक्कल करावी आणि मग थांबावे. मनात दहा मोजेपर्यंत थांबणे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी असते.
- शब्द थोडे, सोपे आणि घरच्या भाषेतले असावेत. मुलाने शाळेची मराठी आधी शिकावी म्हणून आपली भाषा सोडू नये. घरच्या भाषेमुळे किंवा दोन भाषा कानावर पडल्यामुळे ऑटिझम असलेल्या मुलाचे नुकसान होत नाही.
- ओळखीचे गाणे म्हणताना मध्येच थांबावे. बाळाने पाहिले, हलले, आवाज काढला की पुढे म्हणावे.
- बाळाला शांत ठेवण्यासाठी हातात मोबाईल देऊ नये. मोबाईल उत्तराची वाट पाहत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात बहिरा आणि तोतरा असलेल्या माणसाची हकिकत आहे. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेले आणि ज्याला शब्द ऐकू येत नव्हते त्याच्याशी स्पर्शाने संवाद केला. गोंगाटातून बाजूला नेणे आणि समोरच्याला कळेल त्या रीतीने बोलणे, हे या मुलांसोबत रोज करायचे काम आहे.

सरकारी सोय आहे, ती पाड्यापर्यंत पोहोचवू

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. जन्मजात व्यंग, आजार, पोषणातील कमतरता आणि वाढीतील विलंब असे चार गट त्यात आहेत आणि ऑटिझमचा समावेश चौथ्या गटात आहे. फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. शंका आली तर बाळाला जिल्हा पातळीवरील डी.ई.आय.सी. या केंद्राकडे पाठवतात. तिथे कान, डोळे, बोलणे आणि वाढ यांची तपासणी होते आणि पुढील मदत मिळते. शिवाय आशा ताईंनी बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी भेट द्यायची असते. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. लसींची पाने भरली जातात, पण टप्प्यांचे पान बहुतेक घरांत कोरेच राहते.

अडचण वेळापत्रकाची आहे. भातकापणी संपली की अनेक वारली आणि कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पथक अंगणवाडीत येते तेव्हा बाळ भट्टीवर असते आणि भट्टीच्या गावात त्याचे नाव नसते. सहा महिन्यांच्या एका स्थलांतरात दीड वर्षाच्या बाळाच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा जातो. म्हणून कुटुंब निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, अशा दोन वेळा आपण बाळाला पाहावे. शंका असेल तर कार्डावर लिहून द्यावे.

पुढे निदान झाले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य असलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

आपण काय करू शकतो?

प्रार्थना अवश्य करावी. मात्र "प्रार्थना करू, होईल ठीक" असे म्हणून आईला घरी पाठवू नये. प्रार्थना करून त्याच आठवड्यात तिच्यासोबत तपासणीला जावे. पाड्यावरच्या आईला जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, खिडकीवरचे कागद समजत नाहीत. एक सोबतीण आणि दोघींचे भाडे एवढ्यानेच अनेक बाळे डॉक्टरांपर्यंत पोहोचतील. महिला मंडळाने एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या फेऱ्यांचा खर्च उचलावा. संडे स्कूलमध्ये न बसणाऱ्या, कान झाकून घेणाऱ्या मुलाला बाहेर काढू नये. त्याला शांत कोपरा द्यावा. आणि त्याच्या आईला आपल्या बाकावर जागा द्यावी, कारण बहुधा तिला बऱ्याच दिवसांत कोणी बोलावलेले नसते.

प्रार्थनेचे विषय

- ज्या मातांच्या मनात शंका आहे पण बोलायचे धैर्य नाही, त्यांना ऐकून घेणारे कोणीतरी मिळावे.
- आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि फिरत्या पथकातील डॉक्टर यांना बळ व चिकाटी मिळावी.
- वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची बाळे सुरक्षित राहावीत आणि नजरेआड होऊ नयेत.
- आपल्या मंडळ्यांत ही मुले आणि त्यांचे आईवडील मोकळेपणी येऊ शकावेत.

आपल्या ओळखीच्या घरी बाळ असेल तर या आठवड्यात एकदा त्याच्या समोर बसा, नावाने हाक मारा आणि थांबा. ते वळले तर देवाचे आभार माना. पुन्हा पुन्हा हाक मारूनही वळले नाही, तर त्याच्या आईशी प्रेमाने बोला आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.